कट्ट वाजला पाहिजे

नानांच्या घरात चहाच्या किटलीलासुद्धा डोसाची पट्टी चिकटवलेली होती. औषधाच्या बाटलीवर कातरलेल्या खाचांची कागदी पट्टी असते ना, एक खाच म्हणजे एक डोस, तीच. किटली पितळेची, आतला चहा बाहेरून दिसण्याची काही सोय नव्हती. तरी पाहुणा आला की नाना किटली डोळ्यांसमोर धरत, पट्टीवर अंगठ्याचं नख टेकवत आणि बरोबर एक खाच चहा कपात ओतत. "अजून थोडा घ्या" हे वाक्य त्या घरात कुणी ऐकलेलं नाही. मी रिकामा कप खाली ठेवून आशेनं किटलीकडे बघू लागलो की नाना गंभीरपणे सांगत, "मास्तर, दुसरा डोस चार तासांनी."

तीस वर्षं ते मुंबईत, फोर्टातल्या एका साहेबी औषधांच्या दुकानात कंपाउंडर होते. प्लेग आला, महायुद्ध आलं, इन्फ्लुएन्झा आला आणि गेला. नाना मागच्या खोलीत बसून गोळ्या वळत राहिले. त्यांची बायको माई हा सगळा काळ इथे किहीमला. नारळ-सुपारीची वाडी, म्हातारे सासू-सासरे आणि एक मारकुटी म्हैस टाकून त्या जाणार कुठे? आणि मुंबईत नानांचं बिऱ्हाड म्हणजे सात जणांच्या खोलीतली एक वळकटी. त्यामुळे दोघांचा संसार वर्षातून दोनदा, गणपतीत आणि शिमग्याला. मूलबाळ झालं नाही. पुढे नानांचे डोळे अधू झाले, तराजूतली बारीक वजनं दिसेनाशी झाली, आणि ते कायमचे घरी आले. येताना एक ट्रंक, पितळी तराजू, संगमरवराची फरशी आणि गोळ्या वळायची खाचांची लाकडी पाटी घेऊन आले.

मी किहीमच्या मराठी शाळेत मास्तर. आमच्या दोन घरांमध्ये जास्वंदीचं कुंपण आणि एक सामाईक विहीर. शिवाय मला खाण्याची आवड आणि नाही म्हणण्याचा कंटाळा. असा माणूस शेजारी राहत असल्यावर नानांना दुसरा पेशंट शोधायची गरजच पडली नाही.

पेशंट हा त्यांचाच शब्द. गावातलं प्रत्येक माणूस पेशंट. "मात्रा बघा, मात्रा," हे त्यांचं पालुपद. लग्नात वाढप्यानं भात जास्त वाढला तरी "मात्रा चुकली" आणि कीर्तनकार लांबला तरी "मात्रा चुकली." मुंबईहून आणलेल्या लेबलांचा गठ्ठा संपवायचा म्हणून ते सापडेल त्या वस्तूवर लेबल चिकटवत. आमच्या घरी एकदा वाटीभर कालवण आलं, त्या वाटीवर "वापरण्यापूर्वी हलवावे" असं लिहिलेलं होतं. आमच्या मंडळींनी खरोखरच ती वाटी हलवली आणि लुगडं खराब करून घेतलं.

एका माघातल्या सकाळी मी विहिरीवर दात घासत होतो. नाना कुंपणाशी आले.

"मास्तर, माईचे दात किती राहिलेत, सांगा."

शेजाऱ्याच्या बायकोचे दात मोजणं हे काही मास्तरकीत येत नाही. मी तोंडभर चूळ भरली.

"तीन," नाना म्हणाले. "त्यातला एक पार मागे, तो निरुपयोगी. समोरासमोर येणारे दोनच. वरचा घट्ट आहे. खालचा हलतोय."

"मग?"

"मग वेळ थोडा आहे."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते असं. फोर्टात त्यांच्या दुकानासमोर एका गोऱ्या साहेबाचं केकचं दुकान होतं. तिथे काचेत चॉकलेटचे लाडू मांडलेले असत. आत मऊ केक आणि वरून चॉकलेटचं काळं चकचकीत कवच. गिऱ्हाइकानं दात लावला की कट्ट असा आवाज व्हायचा आणि तो रस्ता ओलांडून नानांपर्यंत यायचा. मधून ट्राम जात असताना तो कसा ऐकू यायचा, हे मी विचारलं नाही. घरी यायला निघताना नाना दर खेपेला माईंसाठी त्यातला एक घेत.

"भाऊच्या धक्क्यावर डबा उघडून बघायचो, तिथवर ठीक असायचा. बोट रेवसला लागेतो नरम. पुढे बैलगाडी. घरी पोचलो की डब्यात कागदाला फासलेला चिखल! माईनं इतकी वर्षं तो कागद चाटलाय, मास्तर. 'छान आहे हो' म्हणायची दर वेळी. अख्खा लाडू तिनं एकदासुद्धा बघितलेला नाही. तेव्हा आता तो मी घरी करणार, आणि माई तो चावणार. कट्ट वाजला पाहिजे."

"अहो, पण मला तो दात उपटून टाकायचाय!" माई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "ठणकतो मेला. मास्तर, तुम्ही तरी सांगा यांना."

माईंनीच मग तोड काढली. "होळीपर्यंत थांबते. धुळवडीला मी अलिबागला दातवाल्याकडे जाणार. मग तुमचा लाडू होवो नाहीतर न होवो."

म्हणजे नानांच्या हातात सहा आठवडे होते.

पहिलं काम केकचं. पातेल्यात वाळू, वाळूत डबा, झाकणावर निखारे असा थाट मांडला. अंडी हिराबाय कोळणीकडून आली. ती रोज मासळीची पाटी घेऊन यायची आणि घरच्या कोंबड्यांची अंडीही द्यायची. नानांनी प्रत्येक अंडं तराजूत घातलं आणि त्यातली दोन "वजनात बसत नाहीत" म्हणून परत केली. हिराबाय कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाना, कोंबरीला सांगू काय मापान घाल म्हनून?" केक खाली करपला, वर फाटला आणि मधे दगड झाला. मला वाईट वाटलं, पण नानांचा चेहरा ढळला नाही. "मोडायचाच आहे," म्हणत त्यांनी तो खलात घातला, चुरा केला, आटवलेल्या दुधात मळला आणि गोळ्यांच्या पाटीवर वळायला घेतला.

इथे पहिली चूक झाली. पाटीच्या खाचा औषधी गोळ्यांच्या. हात तीस वर्षांच्या सवयीचे. अर्ध्या तासात फरशीवर वाटाण्याएवढ्या सव्वाशे गोळ्या ओळीनं उभ्या राहिल्या. त्या खेपेचे लाडू मी पाण्याबरोबर घेतले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि लिंबाएवढे बारा लाडू हातावर वळले. आता चॉकलेट. मुंबईला गिरणीत असलेल्या एका गाववाल्यानं त्याची वडी बोटीवरून आणून दिली होती. वाटेत ती विरघळून पुन्हा थिजली होती आणि वरून पांढरी पडली होती. "याला तं बुरशी आली," हिराबायनं सांगून टाकलं. नानांनी भिंग लावून पाहिलं. "बुरशी नाही. उन्हानं आतलं तूप वर आलंय." मग उकळत्या पाण्यावर वाटी ठेवून त्यात चॉकलेट पातळ करायला घेतलं. ते हवं तसं पातळ होईना.

दुसरी चूक इथे झाली, आणि ती फक्त कंपाउंडरच करू जाणे. कंपाउंडरचं सगळं आयुष्य पाण्यावर चालतं. कुठलंही मिश्रण असो, शेवटी पाणी घालून आठ औंस करायचं. नानांनी मोठ्या विश्वासानं मापानं अर्धा औंस पाणी ओतलं, आणि ते चकचकीत चॉकलेट आमच्या डोळ्यांदेखत गचकन आवळलं. भिजलेल्या वाळूसारखा रवाळ गोळा झाला. तो काही केल्या सुटेना. नानांनी औंसाचं माप उजेडात धरलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. "मात्रा बरोबर होती," ते पुटपुटले. तो गोळा मी घरी नेला आणि तीन दिवस दुधातून घेतला. माझी काही तक्रार नव्हती.

पाण्याला हात लावायचा नाही हे ठरल्यावर कवच नीट बसू लागलं, पण वाळेना. बोट लावलं की बोटाला. माईंनी सुपानं वारा घातला. सूप काळं झालं. मग नानांनी ते बारा लाडू परातीत मांडून, परात टोपलीत ठेवून, टोपली दोरानं विहिरीत पाण्याच्या वर हातभर सोडली. उन्हाळ्यात लोणी सोडतात तशी. आमच्या मंडळी नेमक्या पाणी काढायला आल्या. त्यांची कळशी टोपलीला लागली आणि बाराच्या बारा लाडू पाण्यात. विहिरीत कासव होतं. दोन दिवस ते वरच आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं ते सारखं वर मान करून बघायला लागलं. मंडळी म्हणाल्या, त्या कासवाला सवय लागली तर पाप कुणाच्या माथी?

त्यानंतर बर्फ. तो मुंबईहून लाकडाच्या भुशात, पोत्यात बांधून यायचा होता, आणि रेवसला तो घ्यायला मी गेलो. का गेलो ते मला आजही सांगता येत नाही. पोतं गाडीत घातलं तेव्हा पाट्याएवढं जड होतं. निम्म्या वाटेवर मी त्यावर डोकं टेकून झोपू शकत होतो. किहीमला नानांच्या दारात पोतं उघडलं, तर आत ओला भुसा. नानांनी त्यात कोपरापर्यंत हात घालून शोधलं. खडीसाखरेएवढा एक तुकडा मिळाला, तो त्यांनी माईंच्या गालावर ठेवला.

कारण दात आता दिवसभर ठणकत होता. माई एका बाजूनं मऊ भात खात, दुसऱ्या बाजूला नाना लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून देत. हिरडी सुजलेली. मला ते पाहवेना. एक दिवस मी जरा रागानंच म्हणालो, "नाना, पुरे झाला हट्ट. एका लाडवासाठी बाईमाणसाला किती त्रास द्यायचा?"

नाना बोळा ठेवून बाहेर आले. ओटीवर बसले. म्हणाले, "मास्तर, लग्न झाल्यापासून तिनं वाट बघितली. माझी बघितली, बोटीची बघितली, पत्राची बघितली. त्याच्या बदल्यात मी तिला काय दिलं? चिखल. एक गोष्ट तरी तिला धड मिळू दे की हो. दात काय, उपटायचाच आहे. पण तो गेला की मग कट्ट कशानं वाजणार?"

मला लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी शाळा सुटली की थेट त्यांच्याकडे जाऊ लागलो.

माघ होता तोवर पहाटेच्या गारव्यात लाडू घट्ट व्हायचे. पण माईंचं पहाटेचं वेळापत्रक कुणाच्या बापाला बदलता आलं नसतं. आंघोळ, तुळशीला पाणी, देवपूजा, मग म्हशीची धार, मग तोंडात घास. तोवर ऊन ओटीवर. बरं, लाडवात अंडं. सोमवारी माई अंडं खात नाहीत. गुरुवारी नाहीत, शनिवारी नाहीत, चतुर्थीला नाहीत, एकादशीला तर नावच नको. नानांनी पंचांगातल्या मोकळ्या दिवसांवर लाल शाईनं खुणा केल्या. गंमत अशी, की मोकळ्या दिवशी हटकून उकडायचं, आणि गार वारा सुटायचा तो बरोबर गुरुवारी. एका गुरुवारी लाडू इतके देखणे झाले होते की नाना त्यांच्याकडे बघत सकाळभर बसून राहिले. ते लाडू मी आणि हिराबायनं संपवले. आमचा कसला वार आणि कसली तिथी!

फाल्गुन लागला. दुपारी नारळाची झावळी हलेना. पहाटेसुद्धा कवच हाताला चिकटू लागलं. होळीला आठ दिवस राहिले. नानांनी बोलणं कमी केलं. किटलीची पट्टी करपून गेली होती, ती त्यांनी बदलली नाही, आणि मला त्या आठवड्यात सलग दोन दिवस दोन-दोन कप चहा मिळाला. तेव्हा मात्र मला खरी काळजी वाटू लागली.

अशाच एका संध्याकाळी माई ओटीवर टाचांना कोकमतेल लावत बसल्या होत्या. कोकमतेल म्हणजे नावाचंच तेल. रातांब्याच्या बियांचा तो पांढरट, दगडासारखा गोळा असतो. माईंनी तो समईच्या ज्योतीवर धरला, चार थेंब पातळ झाले, ते टाचेच्या भेगांत भरले. घामानं आमच्या सदऱ्यांचं पाणी झालं होतं, आणि माईंच्या टाचेवर ते चार थेंब बघता बघता थिजून पांढरे झाले.

नाना टाचेकडे टक लावून बघत होते. मग एकदम उठले आणि माईंचा पाय धरून भिंगानं पाहू लागले.

"अहो, मास्तर बसलेत!" माई पाय ओढत म्हणाल्या.

"गाढव आहे मी," नाना म्हणाले. "मास्तर, गाढव! चॉकलेटचा जीव कशात असतो? कोकोच्या लोण्यात. दुकानात ते संपलं की आमचा साहेब काय म्हणायचा? 'कोकमाचं वापर, ते उन्हात टिकतं.' वीस वर्षं मी ते वापरलं हो!"

"मग इतके दिवस आठवलं कसं नाही?"

नाना घुटमळले. माईंकडे पाठ करून, आवाज खाली आणून म्हणाले, "आम्ही त्याच्या बत्त्या करायचो. मूळव्याधीच्या. ती औषधाची वाट निराळी, त्यामुळे या वाटेचा विचारच मनात आला नाही."

ही माहिती मी माईंना सांगितली नाही. आमच्या मंडळींनाही नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

होळी शनिवारी होती. मंगळवारी एकादशी, गुरुवार तर गुरुवारच. मधला बुधवार मोकळा. मंगळवारी दुपारी नानांनी चार भाग चॉकलेटला एक भाग कोकमतेल अशी मात्रा घेतली आणि बारा लाडू बुडवून फरशीवर मांडले. हिराबाय दारातून हे बघत होती. "अगो माई, नाना टाचंचा तेल खायाला घालतंय तुला!" ती ओरडली. नानांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. संध्याकाळी त्यांनी एका लाडवावर नखानं टकटक केलं. टकटक ऐकू आली.

बुधवारी मी शाळेला अर्धी सुट्टी दिली. कारण काय लिहिलं ते विचारू नका. भर दुपारी, ऊन अंगणात पेटलेलं असताना, माई आंघोळ, तुळस, पूजा सगळं उरकून पाटावर बसल्या. पुढे बशीत लाडू. काळा, गोल, चकचकीत. माईंनी वाकून पाहिलं तर त्यात त्यांचं कुंकू दिसलं असेल.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "असा असतो होय!"

"चाव," नाना म्हणाले.

माईंनी लाडू उचलला, तोंडात फिरवून दोन दातांच्या मधे बरोबर बसवला, डोळे मिटले आणि चावला.

कट्ट!

मी दारात उभा होतो. तिथे स्वच्छ ऐकू आलं. माईंनी तोंडावर हात नेला, तळहातावर काहीतरी काढून घेतलं आणि शांतपणे बशीच्या काठावर ठेवलं. तो खालचा दात होता. अलिबागची खेप वाचली. मग त्या नुसत्या हिरड्यांनी सावकाश चघळत राहिल्या. नाना त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"चव?" शेवटी त्यांनी विचारलं.

माईंनी घास गिळला. "तीच आहे," त्या म्हणाल्या.

"तीच म्हणजे?"

"तुम्ही आणायचात ना, तीच. कागदाला लागलेली असायची ती. अगदी तीच."

नाना माझ्याकडे वळले. "मास्तर, ऐकलंत? तीच आहे म्हणते. जमलं."

"पण नाना, तुम्हाला इतक्या दिवसांत कळलं नाही का, चव जमली की नाही ते?"

"मला कसं कळणार? मी कुठे खाल्लाय?"

माईंनी मान वर केली. माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं, की सहा आठवडे मी खात होतो, हिराबाय खात होती. नाना नुसते बघत होते.

"तीस वर्षांत एकदाही नाही?" माई म्हणाल्या. "दुकान समोर होतं ना?"

"समोरच होतं. रोज बघायचो." नाना धोतराच्या सोग्यानं भिंग पुसू लागले. ते स्वच्छच होतं. "पण एकट्यानं काय खायचा? तू इकडे."

माईंच्या हातात अर्धा लाडू होता. त्या एकदा लाडवाकडे बघत, एकदा नानांकडे. मग त्यांनी तो हात हळूच पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "नको, थांबा, दुसरा देते. हा माझा उष्टा आहे."

बायकोचं उष्टं खाल्लेला पुरुष आमच्या गावात मी तरी पाहिला नव्हता. नानांनी वाकून माईंच्या हातातूनच तो अर्धा लाडू तोंडात घेतला. ते चावत राहिले, खूप वेळ. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. बहुधा त्यांना ते कळलंच नसावं.

मी हळूच बाहेर आलो. वहाणा पायात सरकवत होतो, तेव्हा मागून माईंचा आवाज ऐकू आला.

"सावकाश खा हो. अजून अकरा आहेत."